मरायचे विचार येत होते, पुण्यात उपचार कसे मिळाले: तारखा, रांगा, खर्च सगळं

हे लिहायचं बरेच महिने टाळलं. पण मागे अभ्यासिकेतल्या एका मुलाने जिन्यात गाठलं, म्हणे दादा तू त्या मानसिकच्या डॉक्टरकडे जातो ना, पहिल्यांदा नेमकं जायचं कुठे, आणि त्याला अर्धा तास सांगूनही निम्मं राहूनच गेलं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, लांब होईल.

दोन गोष्टी आधीच. कसं, कशाने वगैरे यात काहीही लिहिणार नाही. आणि आत्ता या क्षणाला तुम्हालाच तसं वाटत असेल तर हे वाचत बसू नका. १४४१६ (टेली मानस, सरकारची मानसिक आरोग्याची फुकट हेल्पलाइन) लावा, नाहीतर शेजारच्या खोलीतल्या माणसाला उठवा, नाहीतर जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात जा, ती रात्री पण उघडी असते. ११२ (आपत्कालीन मदत) आणि १०८ (अ‍ॅम्ब्युलन्स) आहेतच. बाकीचं नंतर वाचा, कुठे जात नाही ते.

माझं वय २८, गाव बीड जिल्ह्यात, पुण्यात शास्त्री रोडच्या पट्ट्यात, जिथे स्पर्धा परीक्षेवाली पोरं राहतात, तिथे कॉट बेसिसवर म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं भरून राहतो, एमपीएससीचा अभ्यास. एवढं सांगितलं की पुण्यातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. लोक लगेच म्हणतात निकाल लागला नाही म्हणून झालं असेल. निकाल होताच, १ डिसेंबर २०२४ ला राज्यसेवेची पूर्व दिली आणि हॉलमधून बाहेर पडतानाच कळलं होतं की गेली. पण त्याआधीही निकाल गेले होते आणि तेव्हा मी दोन दिवस झोपून काढून तिसऱ्या दिवशी पुस्तक उघडलं होतं. या वेळी झोपच गेली, वजन उतरलं, घरी एक कर्जाचं लफडं चालू होतं, एक नातं संपलेलं, आणि हे सगळं एकावर एक. जानेवारीत डोक्यात यायला लागलं की आपण नसलो तर अण्णांचा (वडिलांचा) महिन्याचा खर्च तरी वाचेल. ते वाक्य मला तेव्हा अगदी हिशोबी, शहाणपणाचं वाटायचं. हेच त्या आजाराचं वाईट आहे, तो तुमच्याच आवाजात बोलतो.

जानेवारीच्या शेवटी खोलीजवळच्या फॅमिली डॉक्टरकडे गेलो. फी ३००. झोप लागत नाही, भूक नाही, छातीत धडधडतं असं सांगितलं. त्यांनी बीपी बघितलं, मेसचं खाता ना विचारलं, अ‍ॅसिडिटीची गोळी आणि मल्टिव्हिटॅमिन दिलं, टेन्शन घेऊ नका म्हणाले. माणूस वाईट नाही, बाहेर वीस पेशंट बसलेले होते. पण त्या पाच मिनिटांत मी मनात सारखा म्हणत होतो की विचार, एकदा विचार, विचारलंस तर सांगतो. त्यांनी विचारलं नाही आणि मी चिठ्ठी घेऊन बाहेर आलो.

९ फेब्रुवारी, रविवार. रविवारी मेसला संध्याकाळची सुट्टी, अमोल, माझा रूममेट, परभणीचा, कुणाच्या तरी लग्नाला गेलेला. दुपारी चारच्या सुमारास मला स्वतःचीच भीती वाटायला लागली. आता गंमत बघा, टेली मानस हा विषय मला परीक्षेसाठी तोंडपाठ होता. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू, जागतिक मानसिक आरोग्य दिन, नोडल संस्था निम्हान्स बंगळुरू, टोल फ्री १४४१६. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, शिक्षा नाही, उलट त्याला उपचार देणं सरकारचं काम. सगळं वहीत पिवळ्या हायलायटरने. हा नंबर खऱ्या माणसांसाठी असतो हे मात्र त्या दिवशी पहिल्यांदा सुचलं.

फोन लावला, भाषा विचारली, मराठीचं बटण दाबलं, थोडी ट्यून वाजली आणि एक बाई बोलायला लागल्या. मी परत झोपेपासून सुरुवात केली. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि सरळ विचारलं, "तुम्हाला मरून जावं असं वाटतं का?" आवाजात काही नाही, जसं कुणी ताप आहे का विचारावं तसं. मी हो म्हणालो. मग कधीपासून, काही ठरवलंय का, आत्ता खोलीत कोण आहे, रात्री कोण असेल. मी रडत होतो आणि त्या थांबून थांबून पुढचा प्रश्न विचारत होत्या. शेवटी तीन गोष्टी सांगितल्या: आज रात्री एकटं राहायचं नाही, रूममेटला आत्ता माझ्याशी बोलून झालं की फोन करायचा, आणि दोन दिवसांच्या आत मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायचं. काउन्सेलर नाही, आधी डॉक्टर. एक रुपया लागला नाही. पुण्यात कनेक्टिंग नावाची संस्था आहे, ती पण खास आत्महत्या प्रतिबंधासाठी हेल्पलाइन चालवते, ठराविक वेळेत असते, तिथले स्वयंसेवक सल्ले न देता ऐकून घेतात. तिथे मी नंतर एकदा बोललो होतो.

अमोलला फोन केला. त्याला काय सांगावं सुचेना म्हणून त्या बाईंचंच वाक्य वापरलं, मला मरून जावं वाटतंय, तू येशील का. तो लग्नातून जेवण अर्धं टाकून आला. येऊन म्हणाला, "आरं मग एवढ्या दिवस काय करालतास? चल, उद्या मी येतो संगं." नंतर आम्ही अंडाभुर्जी खाल्ली आणि त्याने रात्री लाइट चालू ठेवून मोबाइलवर कुस्त्या बघितल्या. बस एवढंच केलं त्याने. मित्र म्हणून काय करू असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे लिहितोय, भाषण लागत नाही.

सोमवारी प्रायव्हेट क्लिनिकना फोन लावत बसलो. पहिल्या कन्सल्टिंगची फी कुठे १,०००, कुठे १,५००. एका ठिकाणी तीन आठवड्यांनंतरची तारीख, एका ठिकाणी संध्याकाळी साडेनऊला या पण नंबर लागेल याची खात्री नाही. टिप: रिसेप्शनवर नुसतं "अपॉइंटमेंट पाहिजे" म्हणू नका, "सुसायडल थॉट्स आहेत, अर्जंट आहे" असं म्हणा. मी हे तिसऱ्या-चौथ्या फोनला म्हणालो तेव्हा पलीकडच्या बाईंचा सूरच बदलला, डॉक्टरांना विचारून सांगते म्हणाल्या आणि खरंच परत फोन करून बुधवारची वेळ दिली. पण महिन्याचा माझा हिशोब म्हणजे कॉट, मेस, अभ्यासिका मिळून साडेसात-आठ हजार, त्यात १,५०० एकदा देता येतात, दर पंधरा दिवसांनी नाही. म्हणून सरकारी.

पुण्यात मानसोपचाराची ओपीडी ससून हॉस्पिटलला आहे, येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात पण आहे. येरवडा म्हटलं की लोक हसतात, पण तिथे बाह्यरुग्ण विभाग असतो, जाऊन दाखवून त्याच दिवशी घरी येता येतं, कुणी आत टाकत नाही. मी कुठे गेलो ते लिहित नाही कारण पुढे थोडी कुरकुर करणार आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी आठला केसपेपरच्या रांगेत. आधार कार्ड आणि मोबाइल नंबर लागला, पैसे किरकोळ, दोन चहाचे. खिडकीतल्या माणसाने विचारलं कुठला विभाग, मी हळू सांगितलं, त्याला ऐकू गेलं नाही, आणि मग तो अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडला, "मानसिक का?" मला वाटलं आता सगळे वळून बघणार. मागच्या आजी म्हणाल्या, "घे की रे लवकर पेपर, माझा डोळ्याचा नंबर जाईल." कुणीही बघितलं नाही. इतक्या गर्दीत कुणाला तुमचं काही पडलेलं नसतं, हे एका अर्थी बरंच आहे.

मग दुसरी इमारत, जिना, परत रांग, पेपर आत द्यायचा आणि नाव पुकारायची वाट बघायची. पंखे गरगरत होते, बाक कमी, निम्मे लोक जमिनीवर. साडेअकराला आत बोलावलं. आधी एक ज्युनिअर डॉक्टर असतात, शिकाऊ नाही, डॉक्टरच, पुढचं शिकत असतात. त्यांनी हातात एक कागद दिला, पीएचक्यू-९ म्हणतात त्याला, नैराश्य किती आहे ते मोजायचे नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत हे हे किती वेळा झालं: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. शून्य ते तीन मार्क, एकूण २७. पेन टेबलाला सुतळीने बांधलेलं, आणि सुतळी इतकी आखूड की कागद तिरका करून लिहावं लागत होतं. नववा प्रश्न तोच, मेलेलं बरं असं वाटणं किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार. आयुष्यभर निगेटिव्ह मार्किंगचे पेपर सोडवलेत, या पेपरला मात्र हात थरथरला. २१ आले. २० किंवा त्याहून जास्त म्हणजे तीव्र.

कागद बघून त्यांनी तोंडीही सगळं विचारलं, थेट, आडवळण नाही. अमोलला आत बोलावून त्यालाही विचारलं. मी नंतर एकदा सिनिअर डॉक्टरांना म्हणालो की असं थेट विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेलं भरणार नाही का, तर ते म्हणाले उलट असतं, विचारल्याने तो विचार पेरला जात नाही, माणूस मोकळा होतो, यावर अभ्यास झालेत. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की जो हे न घाबरता विचारतो तोच कामाचा. डॉक्टर असो, थेरपिस्ट असो नाहीतर मित्र.

सिनिअर डॉक्टरांनी अ‍ॅडमिट व्हायचा पर्याय ठेवला. घाबरलो. त्यांनी समजावलं की जबरदस्ती नाही, पण घरी राहायचं तर अटी: पुढचे काही दिवस कुणीतरी सोबत, दर आठवड्याला दाखवायचं, आणि ज्या वस्तूंची भीती वाटते त्या खोलीतून बाहेर. अमोल म्हणाला मी आहे. गोळ्या आठवड्याच्याच दिल्या आणि त्या अमोलकडे ठेवायला सांगितल्या. तो रोज रात्री जेवण झालं की एक काढून द्यायचा, वर पाण्याची बाटली, आणि "घ्या साहेब" म्हणायचा.

गोळी होती एस्सिटालोप्राम, आधी ५ मिलिग्रॅम, मग १०. झोपेसाठी दुसरी एक, थोडेच दिवस, सवय लागते म्हणून नंतर कमी करत बंद केली. तुमची गोळी वेगळी असेल, माझं नाव बघून मेडिकलमध्ये जाऊ नका. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की फरक पडायला दोन ते चार आठवडे, पूर्ण परिणाम दिसायला त्याहून जास्त, आणि सुरुवातीला अस्वस्थपणा वाढला किंवा विचार वाढले तर तारखेची वाट न बघता यायचं, पंचविशीच्या आतल्या पोरांमध्ये तर हे जास्त जपावं लागतं. पहिल्या आठवड्यात मळमळ, तोंड कोरडं, आणि जांभया. इतक्या जांभया की अभ्यासिकेत शेजारचा वैतागून जागा बदलून बसला. दहा-बारा दिवसांत ते गेलं. एक साइड इफेक्ट लैंगिक बाबतीतला आहे, तो कुणी सांगत नाही, मी दोन वेळा डॉक्टरांसमोर बसून न सांगताच उठलो, मग कागदावर लिहून दिलं. ते म्हणाले कॉमन आहे, होईल, बघू. लाजून गोळी परस्पर बंद करणारे बरेच असतात म्हणे. अचानक बंद केली की चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, म्हणून बंद करायची तर डॉक्टरांना विचारूनच.

रक्ताच्या तपासण्या पण झाल्या, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, व्हिटॅमिन डी. थायरॉइड बिघडलं तरी माणूस असाच होऊ शकतो म्हणून बघतात. माझं बी-१२ बरंच खाली होतं, मेसच्या पातळ वरणाची कृपा, त्याची इंजेक्शनं घेतली. गोळ्या हॉस्पिटलच्या खिडकीवर मिळाल्या तर फुकट, पण कधी कधी स्टॉक नसायचा, "बाहेरून घ्या" म्हणायचे, आणि हे रांगेत तासभर उभं राहिल्यावर कळायचं. बाहेर ब्रँडेड दहा गोळ्यांची पट्टी शंभरच्या आसपास, जनऔषधी केंद्रात तीच गोळी पाव किमतीत मिळाली. दुसरी कुरकुर: दर वेळी समोर तेच डॉक्टर असतील असं नाही. युनिट (डॉक्टरांची टीम) आणि वार केसपेपरवर लिहिलेला असतो, त्याच वारी गेलात तर निदान ओळखीचा चेहरा भेटतो. जुने सगळे पेपर एका फाइलमध्ये ठेवा, हरवले की पुन्हा पहिल्यापासून सगळी कहाणी सांगावी लागते.

आता थेरपिस्ट. यात माझे सगळ्यात जास्त दिवस गेले, फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा अर्धा. सरकारी ओपीडीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत्या पण सेशनला लांबची तारीख. अभ्यासिकेतल्या एकाने एका "लाइफ काउन्सेलर"चा नंबर दिला, १,५०० भरून गेलो, त्यांनी माझं ऐकायच्या आधीच पाठीमागच्या सर्टिफिकेटकडे बोट दाखवलं आणि मग सकाळी पाचला उठून कृतज्ञतेची वही लिहायला सांगितली. आत्महत्या हा शब्द मी काढला तर म्हणाले असं अशुभ बोलायचंच नाही. उठलो तिथून.

मग डॉक्टरांना विचारलं की नीट माणूस ओळखायचा कसा. त्यांनी सांगितलेलं लिहितो. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम, गोळ्या तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे असते, नोंदणी क्रमांक विचारायचा, वेबसाइटवर नाव शोधता येतं. मानसशास्त्रात एमए करून काउन्सेलिंग करणारे बरेच जण त्या यादीत नसतात, ते सगळे खोटे असं नाही, चांगले पण असतात, पण मग शिक्षण काय, किती वर्षं काम, कुणाच्या देखरेखीखाली करता हे विचारायचं. विचारल्यावर जो चिडला तो बाद.

मग एक मेसेज तयार केला आणि सापडतील त्या सगळ्यांना पाठवला. तसाच देतो, कॉपी करा:

"नमस्कार. मी २८ वर्षांचा, पुण्यात राहतो. मला आत्महत्येचे विचार येतात, सायकियाट्रिस्टची ट्रीटमेंट सुरू आहे. तुम्ही अशा केसेस घेता का? मराठीत सेशन होईल का? फी किती आणि विद्यार्थ्यांसाठी कमी होते का? पहिली वेळ कधी मिळेल?"

काहींनी उत्तरच दिलं नाही. एकीने स्पष्ट कळवलं की मी अशा केसेस घेत नाही पण या दोघांना विचारा, आणि नंबर दिले. मला आधी राग आला, पण खरं तर तिनेच माझं काम केलं. एक ऑनलाइनवाली बरी होती, पण तिचं सगळं इंग्रजीत, आणि अण्णांशी माझं काय बिनसलंय हे इंग्रजीत सांगायला गेलो की मी मुलाखतीला बसल्यासारखा बोलायला लागायचो. शेवटी त्या दोन नंबरांपैकी एक लागला. एरंडवण्यात छोटं क्लिनिक, फी १,२००, माझ्यासाठी ५०० केली. न मागता नाही, मी मेसेजमध्ये विचारलं म्हणून. १८ मार्चला पहिलं सेशन, पन्नास मिनिटं.

पहिल्याच दिवशी मॅडमनी सांगितलं की इथलं काही बाहेर जाणार नाही, अपवाद एकच, जिवाला धोका वाटला तर मी एका माणसाला कळवणार, तो कोण ते तू आत्ता ठरव. फॉर्मवर ताईचं नाव लिहिलं. आणि मग आम्ही सेफ्टी प्लॅन केला, म्हणजे विचार आले की क्रमाने काय करायचं याचा कागद. हा जगभर वापरतात तसाच साचा आहे, पण भरायचा आपल्या भाषेत, आपल्या गल्लीतल्या गोष्टींनी. माझा असा आहे. खूण काय: मेसला जायचं टाळतो, फोन उलटा ठेवतो, "खर्च वाचेल" हे वाक्य येतं. एकट्याने काय करायचं: आंघोळ, सदऱ्यांना इस्त्री. कुठे जायचं: सारसबाग, नाहीतर चौकातली चहाची टपरी, जिथे माणसं असतात. कुणाला फोन: अमोल, ताई. त्यापुढे: मॅडम, ओपीडी, १४४१६, कॅज्युअल्टी. आणि शेवटचं, खोलीत काय नसेल. वरून सुरू करायचं, भागलं नाही की खालच्या ओळीवर. फोटो काढून मोबाइलमध्ये, आणि कागद अमोलच्या कपाटाला आतून चिकटवलेला.

बाकी थेरपीत काय होतं विचाराल तर पहिले दोन-तीन आठवडे मला वाटलं काहीच होत नाहीये, ५०० रुपये देऊन गप्पा. मॅडमनी आठवडाभर तासातासाचा तक्ता लिहायला लावला, काय केलं आणि मन किती खाली, शून्य ते दहा. त्यात दिसलं की दुपारी तीन ते पाच आणि अख्खा रविवार हे माझे खड्डे आहेत. म्हणून तीनला अभ्यासिकेतून उठून बाहेर पडायचं, रविवारी दुपारी कपडे धुवायचे आणि चारला अमोलबरोबर कुठेतरी, हे ठरलं. ऐकायला इतकं साधं आहे की सांगताना लाज वाटते. मग "अधिकारी झालो नाही तर गावात तोंड दाखवता येणार नाही" यावर कितीतरी सेशन गेले. तोंड दाखवता येणार नाही म्हणजे नेमकं कुणाला, नावं सांग, म्हणाल्या. नावं काढली तर चार निघाली, त्यातले दोघे मला आवडतही नाहीत.

घरी सांगितलं मार्चच्या शेवटी, आधी ताईला. ती फोनवर काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने वाकडेवाडीला उतरली, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. मॅडमना भेटली, ओपीडीत आली. आईचं म्हणणं होतं नजर लागली, बाहेरचं बघून घ्या. ताई म्हणाली नारळ उतरवून टाक पण गोळ्या बंद नाही करायच्या, आणि दोन्ही झालं. अण्णा आठवडाभर बोलले नाहीत. मग फोन करून विचारलं, "गोळ्याला पैसे लागतेत का?" त्यांच्याकडून तेवढं पुष्कळ होतं.

एप्रिलमध्ये झोप आली. आधी झोप, मग भूक, मूड सगळ्यात शेवटी. विचार एकदम गेले नाहीत, विरळ झाले, येऊन थांबायचे नाहीत. मे महिन्यात मात्र एकदा परत खाली गेलो. बरोबरच्या एकाची निवड झाली, शास्त्री रोडवर गुलाल, हलगी, खांद्यावर उचलून फोटो, मी पण नाचलो, आणि खोलीवर येऊन फोन उलटा ठेवला. तो उलटा फोन बघूनच लक्षात आलं की ही कागदावरची पहिली ओळ आहे. आंघोळ केली, भागलं नाही. सदरा इस्त्री केला, भागलं नाही. टपरीवर गेलो, तिथून ताईला फोन केला, तिने अमोलला केला, आणि दुसऱ्या दिवशी वार नसताना ओपीडीत गेलो. डोस थोडा बदलला. नंतर पीएचक्यू परत भरला तेव्हा ११, ऑगस्टमध्ये ६.

जूनमध्ये पालख्या आल्या त्या दिवशी निम्मं पुणे बंद, एरंडवण्याला जायला काही मिळेना, सेशन फोनवर केलं, मागे टाळ वाजत होते आणि मॅडम म्हणाल्या आज तुझा आवाज बरा वाटतोय. जुलैपासून एका क्लासमध्ये टेस्ट सिरीजचे पेपर तपासायचं काम धरलं, थेरपीचे पैसे त्यातून निघतात. आता मुख्य परीक्षा वर्णनात्मक असल्यामुळे या कामाला मरण नाही.

सगळे मला खासगीत एकच विचारतात: रेकॉर्ड राहतं का, उद्या नोकरी लागली तर अडचण येईल का. २०१७ च्याच कायद्यात कलम २३ आहे, उपचारांची माहिती गोपनीय ठेवायचा पेशंटचा हक्क. कायद्यात दिलेले ठराविक अपवाद सोडले तर हॉस्पिटल तुमच्या परवानगीशिवाय ती कुणाला देऊ शकत नाही. मी ओपीडीत विचारलं तेव्हाही हेच सांगितलं. नोकरीवाल्यांसाठी: कलम २१ मध्ये विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचा असं आहे, पण बहुतेक पॉलिसींत ते अ‍ॅडमिट झाल्यावरच लागू पडतं, ओपीडी आणि सेशनची फी खिशातूनच जाते, तेव्हा पॉलिसी उघडून वाचा.

सध्या सेशन महिन्यातून एकदा, गोळी चालू. डॉक्टर म्हणतात पूर्ण बरं वाटायला लागल्यापासून निदान सहा महिने तरी घ्यायची, मग हळूहळू उतरवायची. २०२५ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजन आणि पाडवा २१, २२ ऑक्टोबरला होता, ओपीडी बंद असणार होती, म्हणून शुक्रवारी १७ तारखेलाच जाऊन गोळ्या घ्यायच्या आणि त्याच रात्रीच्या एसटीने गावी, असं ठरवलं होतं. रिझर्वेशन फुल्ल दाखवत होतं, उभं राहून जावं लागणार होतं बहुतेक. गोळ्या तिकडे ताईकडे राहणार होत्या.